लॉरेन्स ब्रॅग: पुलाचा ताण सांगणाऱ्या काचेच्या तारेवर याचं नाव कसं आलं?

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर त्या केबलच्या आत काय असतं हे तुम्हाला माहीत असेलच: माणसाच्या केसापेक्षा थोडीशीच जाड अशी काचेची तार. हीच तार आज पुलांना, विमानाच्या पंखांना, पवनचक्कीच्या पात्यांनाही चिकटवतात. तिथे तिचं काम डेटा नेण्याचं नसतं. पूल किती ताणला जातोय, पंख किती वाकतोय हे तिने सांगायचं असतं. तारेच्या एका टोकातून प्रकाश आत सोडायचा आणि त्यातला कोणता रंग परत येतो ते बघायचं. पूल ताणला गेला की परत येणारा रंग किंचित सरकतो. बस, एवढंच.

या सेन्सरला फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात, थोडक्यात एफबीजी. आणि त्यात एक मोठी गोची आहे. पुलावरून ट्रक गेला तरी रंग सरकतो, आणि दुपारचं ऊन तापलं तरीही सरकतो. काहीतरी झालं एवढं तार सांगते. ट्रकमुळे झालं की उन्हामुळे, हे सांगत नाही. मग इंजिनिअर ते ओळखतात कसं? त्या उत्तराकडे येऊच. पण ज्याच्या नावावर हा सेन्सर आहे त्या माणसाने पहिल्या महायुद्धात, तोफांच्या आवाजाच्या बाबतीत, जवळपास हाच प्रश्न सोडवला होता. आणि हा सेन्सर मात्र त्याने कधीच पाहिला नाही. तो १९७१ मध्ये वारला, पहिली फायबर ग्रेटिंग तयार झाली १९७८ मध्ये.

त्याचं नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्याचं वय होतं २५. विज्ञानाच्या कुठल्याही नोबेलमध्ये हा विक्रम अजून मोडलेला नाही. (एकूण सगळ्यांत लहान मलाला, १७ वर्षांची, पण ते शांततेचं नोबेल.)

मोडलेलं कोपर

लॉरेन्सचा जन्म ३१ मार्च १८९० चा, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातला. वडील विल्यम हेन्री ब्रॅग तिथल्या विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आई ग्वेंडोलिन चांगली जलरंग चित्रकार. आईचे वडील चार्ल्स टॉड म्हणजे ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत तारायंत्राची लाइन टाकून घेणारे अधिकारी. म्हणजे घरात विज्ञान, चित्रकला आणि तारा, सगळंच होतं.

पाच-सहा वर्षांचा असताना लॉरेन्स तीनचाकी सायकलवरून पडला. धाकट्या भावाने, बॉबने, मागून उडी मारली होती. डावं कोपर मोडलं. त्याच सुमारास जर्मनीत रॉन्टजेनने एक्स-रे शोधल्याची बातमी अ‍ॅडलेडला पोहोचली होती, आणि वडिलांनी प्रयोगशाळेत एक्स-रेची नळी जुळवलीही होती. त्यांनी मुलाचं कोपर तिच्यासमोर धरलं. निळसर ठिणग्या, कडकड आवाज, ओझोनचा वास. पोरगं घाबरलं असणार. ऑस्ट्रेलियात एक्स-रेचा वैद्यकीय वापर झाल्याच्या अगदी पहिल्या नोंदींमध्ये ही नोंद येते. हात बरा झाला, पण थोडा वाकडाच राहिला.

शाळेत लॉरेन्स हुशार होता पण एकटा. वयाने लहान असून वरच्या वर्गात, त्यामुळे बरोबरीचे मित्र नाहीत. समुद्रकाठी शंख-शिंपले गोळा करणं हा त्याचा छंद. त्यात त्याला कटलफिशची एक अशी जात सापडली की जी तोवर कुणी नोंदवलीच नव्हती. तिला त्याच्या आडनावावरून सेपिया ब्रॅगी असं नाव मिळालं. तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. १५ व्या वर्षी तो विद्यापीठात गेला, १८ व्या वर्षी गणितात पदवी घेतली. १९०९ मध्ये वडिलांना इंग्लंडमध्ये लीड्सला प्राध्यापकी मिळाली, सगळं कुटुंब जहाजाने तिकडे गेलं, आणि लॉरेन्स केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला.

नदीकाठची कल्पना

१९१२ चा उन्हाळा. जर्मनीत म्युनिकमध्ये मॅक्स फॉन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका स्फटिकातून एक्स-रे सोडले, तर मागच्या फोटोप्लेटवर ठिपक्यांची सुंदर नक्षी उमटली. प्रश्न असा की ही नक्षी का उमटते?

इथे घरातच पेच होता. लॉरेन्सचे वडील एक्स-रेवरचे मोठे जाणकार, आणि त्यांचं ठाम मत होतं की एक्स-रे म्हणजे कणांचा मारा आहे, लाटा नाहीत. लाउएची नक्षी तर लाटांच्या बाजूने बोलत होती. त्या सुट्टीत लॉरेन्सने वडिलांचीच बाजू वाचवायचा प्रयत्न केला: कण स्फटिकातल्या अणूंच्या मधल्या बोळांतून धावत असतील, म्हणून ठिपके पडत असतील. प्रयोग करून पाहिला. जमलं नाही.

केंब्रिजला परतल्यावर कॅम नदीच्या काठाने चालताना त्याच्या डोक्यात कल्पना आली. लाउएचं म्हणणं होतं की एक्स-रेमध्ये काही ठरावीक तरंगलांब्या आहेत. लॉरेन्सने उलट्या बाजूने विचार केला. येणाऱ्या एक्स-रेमध्ये सगळ्या तरंगलांब्यांची सरमिसळ आहे. त्यातली निवड स्फटिक करतो.

कशी? स्फटिकात अणू थरांवर थर रचलेले असतात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. प्रत्येक थर आलेल्या लाटेचा अगदी थोडासा भाग आरशासारखा परत फेकतो. एका थराने फेकलेला भाग नगण्य. पण असे हजारो थर आहेत. झोका आठवा. बारीक बारीक धक्के दिले तरी ते नेमक्या वेळी दिले तर झोका उंच जातो. वेळ चुकली तर एक धक्का दुसऱ्याला मारतो. तसंच इथे: ज्या तरंगलांबीसाठी सगळ्या थरांवरून आलेले तुकडे एका तालात पडतात, तीच जोरात परत येते. बाकीच्या आपसांत मिटून जातात.

आणि ताल जुळायची अट? दोन थरांमधल्या अंतराची दुप्पट, गुणिले लाट ज्या कोनात आली त्याचा साइन, हे उत्तर बरोबर एक तरंगलांबी किंवा तिची पूर्ण पट असलं पाहिजे. झाला ब्रॅगचा नियम. बारावीच्या पुस्तकात मावेल एवढा.

११ नोव्हेंबर १९१२ ला केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत हा निबंध वाचला गेला. वाचला प्राध्यापक जे. जे. थॉमसन यांनी, कारण लॉरेन्स अजून विद्यार्थीच होता, २२ वर्षांचा. मग कुणीतरी सुचवलं की खरंच थर आरशासारखे वागत असतील तर अभ्रकाच्या पापुद्र्यावर करून बघ. त्याने केलं. एक्स-रे अभ्रकावरून आरशासारखे परतले.

आता या नियमाची ताकद बघा. तरंगलांबी माहीत असेल तर थरांमधलं अंतर काढता येतं. म्हणजे जे अणू कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते त्यांच्यातलं अंतर मोजायची पट्टी या पोराने बनवली होती. पुढच्याच वर्षी त्याने साध्या मिठाची रचना उलगडली. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या असं रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते; स्फटिकात तर अशी जोडी सापडलीच नाही. एका सोडियमभोवती सहा क्लोरीन, एका क्लोरीनभोवती सहा सोडियम, बुद्धिबळाच्या पटासारखे सगळीकडे पसरलेले. काही जुन्या रसायनशास्त्रज्ञांना हे पचायला फार वर्षं लागली.

तोच नियम, पण काचेच्या तारेत

लाइफ-स्टोरी जरा थांबवतो, कारण तार इथेच समजून घेणं सोपं आहे.

एफबीजीमध्ये स्फटिक नसतो. काचेच्या तारेच्या गाभ्यात, साधारण एक सेंटिमीटर लांबीत, अतिनील लेझरने सारख्या अंतरावर पट्टे उमटवतात. पट्टा म्हणजे ओरखडा नव्हे. तिथे काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती मंदावतो याचं माप, अगदी किंचित वाढवलेलं असतं. दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण ५३५ नॅनोमीटर. मिठातल्या अणूंच्या थरांपेक्षा हे जवळपास १,९०० पट मोठं आहे, पण प्रकाशाची लाटही तशीच मोठी असते, म्हणून नियम तोच लागू पडतो. एका सेंटिमीटरमध्ये असे १८ हजारांहून जास्त पट्टे बसतात.

तारेत प्रकाश सरळ जातो आणि सरळ परत येतो, त्यामुळे कोनाची भानगड उरत नाही. परत येणारी तरंगलांबी म्हणजे दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले पट्ट्यांमधलं अंतर. वरचे आकडे घातले तर उत्तर येतं साधारण १,५५० नॅनोमीटर. ही इन्फ्रारेड तरंगलांबी आहे, डोळ्यांना न दिसणारी, पण इंटरनेटच्या लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये हीच वापरतात.

आता तार ताणा. पट्ट्यांमधलं अंतर वाढलं, परत येणारा रंग लांब तरंगलांबीकडे सरकला. इंजिनिअर ताणाचा परिणाम स्ट्रेनमध्ये मोजतात: मूळ लांबीच्या मानाने लांबी किती बदलली. एक मीटरचा दांडा एक मायक्रोमीटरने लांबला तर एक मायक्रोस्ट्रेन. एका मायक्रोस्ट्रेनला एफबीजीचा रंग साधारण १.२ पिकोमीटर सरकतो. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. मशीन ते पकडतं.

आणि आता तार तापवा, फक्त एका अंशाने. रंग सरकतो साधारण १० पिकोमीटर! म्हणजे एक अंश उष्णता ही आठ-नऊ मायक्रोस्ट्रेनचं सोंग घेते. गंमत अशी की यात काच फुगण्याचा वाटा फारच थोडा आहे. ही काच तापून जवळजवळ फुगतच नाही. मुख्य कारण म्हणजे तापलेल्या काचेचा अपवर्तनांक वाढतो. सकाळ ते दुपार २० अंशांचा फरक पडला तर नुसत्या मोकळ्या तारेत सुमारे १७० मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा दिसेल. पोलादाच्या पुलात १७० मायक्रोस्ट्रेन खरोखर आला तर त्याचा अर्थ होतो ३४ मेगापास्कलचा ताण, जो दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही. त्यातही तार पोलादाला चिकटवली असेल तर पोलाद तापून फुगतं तेही तारेत उतरतं, आणि घोळ दुपटीहून मोठा होतो.

शाळेतलं गणित आठवा: दोन अज्ञात, समीकरण एकच. सुटणार कसं?

श्रेय कुणाचं?

लॉरेन्सकडे परत येऊ. मुलाच्या कल्पनेने वडिलांचं कणांचं मत कोलमडलं होतं, पण वडिलांनी ते मोठ्या मनाने घेतलं आणि लगेच लीड्सच्या प्रयोगशाळेत एक्स-रे मोजण्याचं एक उत्तम यंत्र बनवलं. १९१३ च्या सुट्टीत दोघांनी मिळून त्यावर काम केलं. हिऱ्याची रचना त्यातूनच निघाली.

पण इथे एक सल राहिली. दोघांचं आडनाव एक, पहिलं नावही एकच, विल्यम. वडील नामवंत प्राध्यापक, मुलगा विद्यार्थी. त्याच वर्षी ब्रसेल्सला सॉल्व्हे परिषद झाली, जगातले मोठे भौतिकशास्त्रज्ञ जमले, आणि तिथे स्फटिकांबद्दल बोलायला गेले वडील. ते मुलाचं नाव घ्यायला कधी विसरत नसत, पण ऐकणाऱ्याला वाटायचं की बाप कौतुकाने मुलाला वाटा देतोय. नियम मुलाचा, यंत्र वडिलांचं, आणि जगाला दिसत होता एकच ब्रॅग. लॉरेन्सला हे आयुष्यभर टोचलं, आणि बापलेक यावर कधी मोकळेपणाने बोलल्याचं दिसत नाही. पुढे दोघांनी शहाणपणा केला आणि कामाची वाटणी करून घेतली: सेंद्रिय पदार्थांचे स्फटिक वडिलांकडे, खनिजं वगैरे मुलाकडे.

तोफा, वारा आणि संडास

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. लॉरेन्स तोफखान्यात भरती झाला. १९१५ मध्ये त्याला एक वेगळंच काम मिळालं: शत्रूची लपवलेली तोफ कुठे आहे ते तिच्या आवाजावरून शोधायचं. कल्पना साधी होती. ओळीने काही मायक्रोफोन ठेवायचे. आवाज प्रत्येकाकडे वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या फरकावरून जागा काढायची. तुमच्या फोनचं जीपीएस सॅटेलाइटच्या सिग्नलवरून जे करतं त्याचाच हा आजोबा म्हणा.

अडचण पहिली: तोफेचा खरा धमाका इतक्या खालच्या स्वराचा असतो की कानांना तो नीट ऐकूही येत नाही, आणि तेव्हाचे मायक्रोफोन तर बंदुकांच्या आणि गोळ्याच्या कडकडाटानेच भरून जायचे. हे लॉरेन्सच्या लक्षात आलं ते संडासात. ज्या शेतघरात तो राहत होता तिथला संडास बंदिस्त होता, हवेला वाट फक्त बैठकीखालच्या भोकातून. जवळची ब्रिटिश तोफ उडाली की आवाज फारसा नाही, पण बसलेला माणूस चक्क वर उचलला जायचा. म्हणजे दाबाची मोठी लाट येते, ती पकडायला हवी. त्याच्याच तुकडीतल्या टकर नावाच्या सहकाऱ्याने तोड काढली: प्लॅटिनमची बारीक तार विजेने तापवून एका डब्याच्या भोकात ठेवायची. धमाक्याची झुळूक आली की तार थंड होते, तिचा विद्युत रोध बदलतो, आणि नोंद होते. कडकडाटाकडे ती तार ढुंकूनही बघत नाही.

अडचण दुसरी आपल्या विषयाची. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो, अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. शिवाय वारा. म्हणजे मायक्रोफोनवर दिसणारा वेळेचा फरक तोफेच्या जागेमुळे आहे की हवामानामुळे, हे एकट्या त्या आकड्यावरून कळणार नाही. पुन्हा दोन अज्ञात आणि एक समीकरण! त्यावर उपाय असा झाला की आघाडीच्या मागे, आपल्याच भागात, जागा नेमकी माहीत असलेल्या ठिकाणी अधूनमधून स्फोट करायचे आणि त्यांचा आवाज मायक्रोफोनपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जागा तर आपल्याला माहीत आहे, मग जो काही फरक दिसेल तो निव्वळ हवेचा. तो शत्रूच्या तोफेच्या आकड्यातून वजा केला की उरते तोफेची जागा.

हा उपाय लक्षात ठेवा.

याच दिवसांत, २ सप्टेंबर १९१५ ला, बॉब गेला. तीनचाकीवर उडी मारणारा तो भाऊ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत जबर जखमी झाला होता. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत बातमी आली की वडील आणि लॉरेन्स दोघांना मिळून भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालंय. लॉरेन्स तेव्हा आघाडीजवळ एका गावच्या धर्मगुरूच्या घरी राहत होता. त्या धर्मगुरूने तळघरातून वाइनची बाटली वर आणली, आणि त्या दोघांनीच तो सोहळा साजरा केला. नोबेलचं व्याख्यान द्यायला लॉरेन्स स्टॉकहोमला पोहोचला तो थेट १९२२ मध्ये. वडिलांनी ते कधी दिलंच नाही.

प्रोफेसर ब्रॅग

१९१९ मध्ये ब्रॅग मँचेस्टरला प्राध्यापक झाले, रदरफर्ड यांच्या जागेवर. सुरुवात वाईट झाली. शिकवण्याचा अनुभव फार थोडा, आणि समोर बसलेली पोरं रणांगणावरून परतलेली. वर्गात दंगा चालायचा. त्यांच्यावर टीका करणारी निनावी पत्रंही आली. नोबेल मिळालेला माणूस वर्ग सांभाळू शकत नाही, ही भावना त्यांना आतून खात होती. पुढे काम उत्तम चाललं, मातीतल्या आणि खडकांतल्या सिलिकेट खनिजांच्या गुंतागुंतीच्या रचना त्यांच्या गटाने सोडवल्या, तरी १९३० च्या सुमारास त्यांची मानसिक प्रकृती पार ढासळली. पत्नी अ‍ॅलिसचा आधार आणि थोडी विश्रांती यांनी ते सावरले. (या अ‍ॅलिस ब्रॅग पुढे केंब्रिजच्या महापौर झाल्या.)

१९३८ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, इथेही रदरफर्ड यांच्याच मागून. अणुकेंद्रावर काम करणाऱ्यांना वाटलं, हा स्फटिकवाला इथे कशाला? पण ब्रॅग यांनी मॅक्स पेरुट्झ या व्हिएन्नाहून आलेल्या तरुणाला धरून ठेवलं. पेरुट्झला रक्तातल्या हिमोग्लोबिनची रचना एक्स-रेने काढायची होती. मिठात दोन प्रकारचे अणू; इथे एका रेणूत हजारो. बहुतेकांना हे वेड वाटत होतं. ब्रॅग यांनी अनुदान मिळवून दिलं आणि वर्षानुवर्षं पाठीशी उभे राहिले. १९६२ मध्ये पेरुट्झ आणि केंड्रू यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी डीएनएसाठी वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांनाही. वॉटसन आणि क्रिक ब्रॅग यांच्याच प्रयोगशाळेतले. पहिला प्रयत्न फसल्यावर १९५१ मध्ये ब्रॅग यांनी त्यांना डीएनए सोडा असं बजावलं होतं, ती गोष्ट वेगळी. ज्या फोटोंवरून ती रचना कळली ते लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत काढलेले होते, आणि ते वाचण्याची किल्लीसुद्धा १९१२ चाच नियम.

मला स्वतःला त्यांचं जास्त आवडतं ते १९४७ चं काम. जॉन नाय यांच्याबरोबर त्यांनी साबणाच्या पाण्यावर एकसारखे हजारो छोटे बुडबुडे तरंगवले. प्रत्येक बुडबुडा म्हणजे जणू एक अणू. हा बुडबुड्यांचा थर बाजूने ओढला की धातू ताणल्यावर आत काय होतं ते डोळ्यांना दिसतं: आधी सगळा थर थोडा लांबतो, सोडला तर परत येतो, जास्त ओढला की एखादी ओळ सटकते, आणि ती सटकलेली जागा रांगेतून झरझर पळत जाते. धातू वाकतो तो असाच. ताण म्हणजे शेवटी अणूंमधलं अंतर बदलणं, हे या खेळण्यात सरळ दिसतं. फाइनमन यांच्या प्रसिद्ध व्याख्यानांच्या पुस्तकात हा निबंध अख्खा छापलाय.

१९५४ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. वडिलांनीही ही संस्था चालवली होती. ज्या माणसाला मँचेस्टरची पोरं जुमानत नव्हती, त्याने इथे शाळकरी मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्यानं सुरू केली आणि ती तुफान चालली. लंडनमध्ये त्यांना बाग नव्हती, आणि बागकामाशिवाय करमत नव्हतं. सांगतात की ते जुने कपडे घालून एका बाईंकडे आठवड्यातून एक दुपार माळी म्हणून कामाला जायला लागले. बाईंना पत्ता नाही. एक दिवस त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याने खिडकीतून बघितलं आणि विचारलं, सर लॉरेन्स ब्रॅग तुमच्या बागेत काय करतायत?

१ जुलै १९७१ ला ते गेले.

तार आणि तिचा साक्षीदार

सात वर्षांनी कॅनडात ओटावा इथे केन हिल आणि सहकारी एका फायबरमध्ये निळसर-हिरवा लेझर सोडून प्रयोग करत होते. काही मिनिटांत परत येणारा प्रकाश वाढत गेला. प्रकाशानेच काचेत पट्टे उमटवले होते. १९८९ मध्ये अमेरिकेत बाजूने अतिनील लेझर टाकून हवे तसे पट्टे उमटवायची रीत निघाली, आणि सेन्सरचा रस्ता मोकळा झाला. (असेच थरांचे ब्रॅग आरसे आयफोनच्या फेस आयडीतल्या चिमुकल्या लेझरमध्येही असतात. तुमचा चेहरा ओळखताना तो नियम चालू असतो.)

आता उन्हाचं काय? सगळ्यांत जास्त वापरला जाणारा उपाय तोच, आघाडीमागच्या स्फोटांचा. पुलाला चिकटवलेल्या ग्रेटिंगशेजारी दुसरी ग्रेटिंग ठेवायची, पण तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही. एक तर ती बारीक नळीत सैल सोडायची, नाहीतर पुलाच्याच पोलादाचा छोटा तुकडा घेऊन त्याला चिकटवायची आणि तो तुकडा मोकळा ठेवायचा. दुसरा प्रकार जास्त चांगला, कारण पोलादाचं स्वतःचं प्रसरणही त्यात येतं. दोन्ही ग्रेटिंगना ऊन सारखं लागतं, ताण एकीलाच. वजाबाकी केली की उरतो तो खरा ताण. पुलाचा भाग घट्ट जखडलेला असेल आणि तापूनही फुगता येत नसेल, तर उन्हाने येणारा खरा ताणही या वजाबाकीत बरोबर दिसतो. दोन्ही ग्रेटिंग एकाच तारेवर बसतात. पट्ट्यांमधलं अंतर थोडं वेगळं ठेवलं की दोघींचे रंग वेगळे ओळखता येतात.

जिथे दुसरी ग्रेटिंग सैल ठेवायला जागाच नसते तिथे एकाच ठिकाणी दोन वेगळ्या स्वभावाच्या ग्रेटिंग वापरतात, म्हणजे ताण आणि उष्णता यांना वेगवेगळ्या प्रमाणात दाद देणाऱ्या. दोन अज्ञात, दोन समीकरणं. कागदावर छान, पण दोघींचा स्वभाव फार जवळचा असेल तर मोजण्यातली बारीकशी चूक उत्तरात कितीतरी पट मोठी होते. इंटरनेटच्या केबलमध्ये रंग गाळायला ज्या ग्रेटिंग असतात त्यांना तर ताण मोजायचाच नसतो, फक्त जागचं हलायचं नसतं. त्या दोन वेगळ्या पदार्थांच्या चौकटीत आधीच ताणून बसवतात, अशा की ऊन वाढलं की चौकट त्यांना तेवढंच सैल सोडते.

साक्षीदार ग्रेटिंगची अट एकच, पण कडक: तिला तेच तापमान मिळालं पाहिजे जे पहिलीला मिळतं. पुलाची वरची बाजू उन्हात आणि पोट सावलीत, दोघांत दुपारी कित्येक अंशांचा फरक. ताणाची ग्रेटिंग वर आणि सैल ग्रेटिंग खाली लावली, तर कॉम्प्युटर मुकाट्याने वजाबाकी करेल आणि न गेलेल्या ट्रकचा आकडा दाखवेल.